अक्कलदाढ काढल्यावर टाके: विरघळणारे की सातव्या दिवशी काढायचे?

खालची अडकलेली अक्कलदाढ काढायचं ठरलं की खुर्चीत बसण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, टाके कोणते घालणार? वरची दाढ सरळ निघाली तर बहुधा टाका लागत नाही. खालची मात्र हिरडी उघडून, कधी थोडं हाड कोरून, दाढेचे तुकडे करून काढावी लागते. तिथे हिरडी जागेवर बसवायला एक-दोन टाके येतात.

काळा दोरा दिसला तर तो रेशमी. हातात मऊ, गाठ पक्की बसते, टोकं गालाला टोचत नाहीत आणि स्वस्तही पडतो. दोष एकच, पण मोठा: धागा विणलेला असल्यामुळे वातीसारखी लाळ ओढतो, अन्नाचे कण आणि जंतू त्यात धरून राहतात. म्हणून साधारण 7 दिवसांनी तो काढलाच पाहिजे. काढायला दोन मिनिटं लागतात, भुलीचं इंजेक्शन लागत नाही, थोडी ओढ जाणवते एवढंच. ‘दुखत नाही, मग कशाला जायचं’ म्हणून तसाच ठेवला तर भोवतालची हिरडी लाल होऊन सुजते, कधी पू धरतो.

विरघळणाऱ्या टाक्यांच्या बाबतीत गल्लत होते, कारण ते सगळे सारखे नसतात. क्रोमिक कॅटगट तपकिरी असतो आणि तोंडात साधारण आठवडा-दहा दिवसांत तुटतो. तो जनावराच्या आतड्यापासून बनतो. बेळगाव, चिकोडी, अथणी भागातल्या अनेक शाकाहारी घरांना ही गोष्ट आधी कळायला हवी. नको असेल तर स्पष्ट सांगा, कृत्रिम धागा मिळतो. साधा व्हिक्रिल हा असाच एक कृत्रिम धागा, तो बहुधा जांभळा असतो. त्याची ताकद दोन-तीन आठवडे टिकते आणि शरीरात पूर्ण शोषला जायला 56 ते 70 दिवस लागतात. तोंडात मात्र गाठ त्याआधीच सैल होऊन गळून पडते. तिसऱ्या आठवड्यातही धागा दिसतोय म्हणून घाबरू नका आणि नखाने ओढू नका. टोचत असेल तर दवाखान्यात तेवढं टोक कापून घ्या. व्हिक्रिल रॅपिड पांढरा असतो. 5 दिवसांत त्याची निम्मी ताकद जाते आणि 10 ते 14 दिवसांत उरलेली संपते. हिरडीला टाक्याचा आधार हवा असतो तो पहिला आठवडाभरच, म्हणून दाढेसाठी आम्हाला हाच सगळ्यांत योग्य वाटतो.

आता निवड. कणकुंबी किंवा जांबोटीकडचं गाव असेल आणि दाढ जुलैत काढायची असेल, तर आठव्या दिवशी पावसातून बेळगावला येणं होईलच असं नाही. तिथे विरघळणारा टाकाच घ्या. टिळकवाडी किंवा शहापुरात राहत असाल तर रेशमी दोऱ्याने काही बिघडत नाही, उलट त्या निमित्ताने जखम तपासली जाते. निपाणीकडच्यांनी दाढ कोल्हापूरला काढावी की बेळगावला, हेही पुन्हा कुठे जाणं सोपं पडेल त्यावर ठरवावं.

एक मात्र ध्यानात ठेवा: टाका कोणताही असो, जखम भरण्याचा वेग त्याने फारसा बदलत नाही. तो ठरतो खड्ड्यातली रक्ताची गुठळी टिकते की नाही यावर. ती निसटली की हाड उघडं पडतं, यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कमी होत आलेलं दुखणं अचानक वाढतं, कानापर्यंत कळ जाते, तोंडाला घाण वास येतो. तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी ही त्याची मोठी कारणं. आपल्या भागात मिश्रीची सवय बायकांमध्येही आहे आणि डॉक्टरांपुढे ती लपवली जाते. कृपा करून सांगा, आणि निदान आठवडाभर बोट तोंडात घालू नका.

पहिल्या दिवशी गॉज (जखमेवर ठेवलेली जाळीदार कापडाची घडी) 30 ते 45 मिनिटं दाबून धरा. सारखा काढून बघू नका. थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका. गालावर बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं लावा, मग तेवढाच वेळ काढा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, ते बिघडल्याचं लक्षण नाही. 24 तास झाल्यावर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर चूळ भरा. खळखळ करू नका, पाणी नुसतं फिरवा.

खायला पेज, गार झालेली नाचणीची आंबील, दहीभात. चुरमुरे आणि शेंगदाण्याची चटणी दोन आठवडे बाजूला ठेवा, त्यांचे कण खड्ड्यात जाऊन बसतात. भाकरी चौथ्या दिवसापासून दुधात कुस्करून चालते. हिरडी वरून मिटायला तीन-चार आठवडे लागतात, आतलं हाड भरायला काही महिने.

टाका दुसऱ्याच दिवशी निघाला आणि रक्त येत नसेल तर फोन करून विचारलं तरी पुरे. पण रक्त दाबूनही थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल, किंवा ओठ अथवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल, तर त्याच दिवशी दाखवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर रात्र असली तरी थेट मोठ्या दवाखान्यात जा.