जुन्या हॉर्नबी डब्लो गाड्या ऑनलाइन लिलावात घेताना : सात-आठ महिन्यांचा अनुभव

गेले सात-आठ महिने मी इथे इंग्लंडमध्ये ऑनलाइन लिलावांवर हॉर्नबी डब्लोची, म्हणजे खेळण्यातल्या ब्रिटिश रेल्वेची, जुनी इंजिनं बघतोय, घेतोय, काही परतही केली, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं कारण पुण्या-मुंबईतले ओळखीचे लोक इथल्या नातेवाइकांच्या पत्त्यावर असला माल मागवतात आणि मग फोन करून विचारतात की हे खरं असेल का. ज्यांनी कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघितलंय त्यांना हे वेड काय असतं ते सांगायला नको.

लिस्टिंगमध्ये सरळसरळ खोटं फार कमी लोक लिहितात. "माळा साफ करताना सापडलं", "मला यातलं काही कळत नाही", "टेस्ट करायला ट्रॅक नाही" ही तीन वाक्यं एकत्र दिसली की मी आधी त्या सेलरच्या बाकीच्या लिस्टिंग बघतो, आणि तिथे अजून वीस-पंचवीस इंजिनं लावलेली असली तर विषय संपला, एवढे माळे कुणाकडे असतात?

"रेअर, प्री-वॉर" हे तर कशालाही लावतात. सर नायजेल ग्रेस्ली घ्या, लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं 1938 ला डब्लो काढलं तेव्हाचं हे पहिलं मोठं इंजिन, त्यामुळे युद्धाआधीच्या पीसला भाव चांगला येतो. मध्ये एक असंच लागलं होतं, वर्णनात 1938 लिहिलेलं आणि फोटोत कॅबवर (ड्रायव्हरच्या केबिनवर) नंबर स्पष्ट दिसतोय 7. आता खऱ्या इंजिनाचा नंबर आधी 4498 होता, 7 हा नंबर त्याला 1946 मध्ये मिळाला, मग युद्धाआधीच्या खेळण्यावर तो येईलच कसा! सेलरला शांतपणे मेसेज केला, उत्तर नाही, लिस्टिंग तशीच, आणि बोल्या मात्र चढतच होत्या. याचा मला खरंच राग येतो, कारण घेणारा बहुतेक कुणीतरी नवखा असतो.

त्याहून महाग पडणारा प्रकार म्हणजे सिटी ऑफ लिव्हरपूल नावाचं इंजिन. 1959 पासून डब्लोत टू-रेल, म्हणजे दोन रुळांचं, आलं आणि थ्री-रेलची (मध्ये वीज देणारा तिसरा रूळ असलेल्या जुन्या पद्धतीची) मागणी घसरली, म्हणून शेवटची थ्री-रेल मॉडेल्स कमी निघाली आणि आज तीच महाग. सिटी ऑफ लिव्हरपूल थ्री-रेल, नंबर 46247. तिची टू-रेल बहीण सिटी ऑफ लंडन, नंबर 46245, तोच मरून रंग. म्हणजे नाव बदललं, शेवटचा आकडा बदलला, खालचा भाग अदलाबदल केला की झालं काम, आणि नाव-नंबरची नवीन ट्रान्सफर्स (चिकटवायची अक्षरं-आकडे) तर रिस्टोरेशनवाल्यांसाठी उघड विकत मिळतात. म्हणून मी पोटाखालचा फोटो मागतो, मधल्या रुळाला टेकून वीज घेणारा पिकअप दिसला पाहिजे, आणि कॅबच्या नंबरचा अगदी जवळून फोटो, तिरक्या उजेडात. पुसलेल्या जागेची चमक आजूबाजूच्या रंगापेक्षा वेगळी दिसते.

खोकी हा वेगळाच धंदा आहे. रिप्रोडक्शन, म्हणजे जुन्यासारखी नव्याने छापलेली, खोकी बनवणारे तसं सांगूनच विकतात, त्यात काही चूक नाही, पण दोन हात फिरलं की "रिप्रो" हा शब्द गळून पडतो आणि तेच खोकं "ओरिजिनल" होतं. माझ्याकडे आलेल्या एका खोक्यावर भिंग धरलं तर गडद निळ्या भागात बारीक रंगीत ठिपके दिसत होते, प्रिंटरचे असतात तसे. शेजारी माझं जुनं खोकं ठेवलं, त्यावर शाई सलग बसलेली. परत पाठवलं, पैसे मिळाले, पण कटकट झालीच. धंदा म्हणून विकणाऱ्याकडून ऑनलाइन घेतलं तर इथे 14 दिवसांत परत करता येतं, खाजगी माणसाकडून घेतलं तर हा हक्क नाही, फक्त वर्णनाशी जुळलं नाही तर भांडता येतं. त्यामुळे वर्णनाचा स्क्रीनशॉट बोली लावायच्या आधीच काढून ठेवा.

युद्धाआधीच्या मालात अजून एक बघायचं, झिंकच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली असेल तर तो धातू फुगतो, तडकतो, शेवटी त्याचा भुगा होतो. रंगाखाली केसाएवढ्या रेघा दिसल्या की सोडून द्या, त्याला इलाज नाही.

शून्य फीडबॅकवाले खाते तुमच्या प्रत्येक बोलीवर थोडंसंच चढवत असेल तर तिथेच थांबा. स्वतःच्याच मालावर बोली लावणं इथे गुन्हा आहे, 2010 मध्ये एकाला शिक्षाही झाली, तरी चालू आहे. मी माझा आकडा ठरवून शेवटच्या काही सेकंदांत एकदाच टाकतो.

चांगले सेलर आहेत बरं का. यॉर्कशायरचे एक आजोबा आहेत, ते इंजिन रोलर्सवर पळवून व्हिडिओ टाकतात, बदललेला प्रत्येक स्क्रू वर्णनात लिहितात, त्यांच्याकडची डचेस ऑफ मॉन्ट्रोज "कॉमन मॉडेल, रंग दोन ठिकाणी उडालाय" असं लिहून लावलेली होती. ती आमच्याकडे रोज पळतेय, आणि पुढचं टँक इंजिनही त्यांच्याकडूनच घेणार आहे.