ऑनलाइन पैठणी: डिझायनरची नवी की वापरलेली जुनी?

सोलापुरात बसून मोबाइलवर पैठणी शोधताना दोन वाटा दिसतात. डिझायनरच्या दुकानातली नवी पैठणी महाग पडते, पण तिच्यासोबत पक्के बिल आणि बहुधा सिल्क मार्क, म्हणजे शुद्ध रेशमाची खात्री देणारी खूणही मिळते. वापरलेली जुनी पैठणी अनेकदा स्वस्तात मिळते आणि तिच्यात चांदीच्या जरीचा काठ सापडू शकतो. मात्र घडीवर विरलेले रेशीम छायाचित्रात लपते, म्हणून विक्रेत्याकडे उलगडलेल्या पदराची दोन्ही बाजूंची छायाचित्रे मागावीतच, कारण हातमागावरच्या पदराची नक्षी उलट बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते, तर यंत्रमागावरच्या पदरामागे सुटे धागे राहतात. यंत्रमागांच्या या शहरात तो फरक सांगणारी जाणती माणसे शेजारीपाजारी भेटतात. ठेवणीतली म्हणून मी जुनीच घेईन. वारंवार नेसायची असेल, तर मात्र नवीच घ्यावी.