अंजन गवताचं बियाणं : दोन पावसाळे बघितलं, घ्यायच्या आधी हे वाचा

आमचं रान सिन्नरच्या पूर्व भागात, पावसाची बोंब कायमचीच. मागल्या वर्षी नाशिकला मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानातून दोन किलो अंजनचं बी आणलं, एक एकर मुरमाड पडीक होतं त्यात टाकायला. बी एकदम हलकं, केसाळ, वाऱ्यावर उडतं, म्हणून ओल्या मातीत कालवून फेकलं आणि वरून नुसती बाभळीची फांदी ओढली, खोल गेलं तर उगवत नाही. ताजं बी घेऊ नका, सहा-आठ महिने जुनं असेल तर उगवण चांगली होते, हे दुकानदारानेच सांगितलं आणि खरं निघालं.

पहिल्या वर्षी विशेष काही दिसलं नाही. यंदा मात्र ऑगस्टमध्ये तीन आठवडे उघडीप पडली, बाजरीने माना टाकल्या आणि अंजन हिरवंगार! मुळं खोल जातात ना याची. गाय, शेळ्या सगळे आवडीने खातात, फक्त फुलोऱ्यात कापायचं, नंतर नुसत्या काड्या राहतात.

पण दुकानदाराने एक गोष्ट सांगितली नाही आणि त्याचा मला खरंच राग आहे. कांद्याच्या गडबडीत आमची एक कापणी राहिली, तुरे पिकले, बी वाऱ्याने आणि शेळ्यांच्या अंगाला चिकटून बांधावर गेलं, तिथून चुलत्यांच्या कांद्याच्या रोपात. तात्या म्हणाले, "अरे हे काय पेरून ठेवलंस?" मला मान वर करता येईना. उपटायला गेलो तर ठोंब हलेना, कुदळच लागली. बांधावरचं जुनं मारवेल गवत पण दबून गेलंय.

अंजन तसं आपल्याकडचंच गवत, गुरं चरतात म्हणून आटोक्यात राहतं. पण अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हेच बाहेरून नेऊन लावलं, तिथे ते वाळून पेट घेतं, शंभर-दीडशे वर्षं जगणारे सग्वारो निवडुंग त्यात जळून जातात आणि हे पुन्हा मुळातून फुटतं. ऑस्ट्रेलियातही तीच डोकेदुखी.

तर बियाणं चांगलं, पाचपैकी चार. मधल्या पडीक रानात बिनधास्त लावा, पण कांदा, द्राक्षाच्या कडेला नको, आणि ममदापूरसारख्या काळविटांच्या माळावर तर अजिबात फेकू नका, तिथलं गवत तिथलंच राहू द्या. बांधासाठी मी आता राहुरीवरून मारवेलचे ठोंब आणणार आहे, तात्यांच्या बांधाला पण मीच लावून देणार.