स्टोकमध्ये जुनी इमारत घेताय? लिस्टेड पॉटबँक की यादीबाहेरचं दुकान-गोदाम

इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट शहरात जुनी व्यावसायिक इमारत शोधताना, विशेषतः बर्स्लेम आणि लाँगटन भागात, दोन तऱ्हा समोर येतात. एक पॉटबँक, म्हणजे चौकाभोवती बांधलेला चिनी मातीच्या भांड्यांचा जुना कारखाना, बहुधा लिस्टेड (सरकारी वारसा यादीतला). दुसरी, मुख्य रस्त्यावरची यादीत नसलेली दुकान-गोदामाची इमारत. सांगितलेली किंमत पाहून निर्णय घेऊ नका. इमारत रिकामी असताना खिशातून काय जाईल, हे आधी मोजा.

इथे लिस्टेडची बाजू वरचढ आहे. इंग्लंडमध्ये रिकाम्या लिस्टेड इमारतीला पुन्हा वापरात येईपर्यंत बिझनेस रेट्स (व्यावसायिक जागेवरचा कर) माफ असतात. यादीबाहेरच्या दुकानाला ही सूट 3 महिने, कारखाना-गोदामाला 6. पुढे भाडेकरू असो-नसो, बिल सुरू (अगदी कमी रेटेबल व्हॅल्यूच्या, म्हणजे करासाठी ठरवलेल्या मूल्याच्या, जागा सोडून).

मात्र पॉटबँक मोकळी सोडून निवांत बसता येत नाही. छप्पर ढासळू लागलं तर कौन्सिल तातडीची दुरुस्ती करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. परवानगीशिवाय वास्तूचं स्वरूप पालटणारा बदल फौजदारी गुन्हा ठरतो. आणि खरी मेख पुढे आहे: आधीच्या मालकाने केलेला असा बदल पूर्ववत करण्याची नोटीस तुमच्यावर निघू शकते, त्याला काळाची मर्यादाही नाही. जुन्या कारखान्याला प्लास्टिकच्या खिडक्या दिसल्या, तर परवानगीचे कागद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुरुस्तीवर व्हॅटही पूर्ण 20 टक्के. मंजूर फेरफारांना असलेली शून्य दराची सवलत मुळात राहत्या आणि धर्मादाय वापराच्या लिस्टेड इमारतींपुरती होती, तीही ऑक्टोबर 2012 मध्ये गेली.

चौकात बाटलीच्या आकाराची भट्टी असेल तर मन मोहून जातं. एके काळी शहरात अशा 2000 हून अधिक भट्ट्या होत्या, आता 50 सुद्धा नाहीत. पण भाड्याच्या हिशेबात ती शून्य आणि तिच्या विटांची डागडुजी तुमच्या माथी. मिडलपोर्ट पॉटरी या इथल्या जुन्या कारखान्याचं देखणं पुनरुज्जीवन पाहून हुरळू नका, तिथे धर्मादाय संस्था उतरली होती.

यादीबाहेरच्या इमारतीत आतले बदल सोपे, भाडेकरू लवकर मिळण्याची शक्यता जास्त. मात्र ती कॉन्झर्व्हेशन एरियात (जतनासाठी राखलेल्या भागात) असेल तर पाडायला परवानगी लागतेच. शिवाय ईपीसी (इमारतीचा ऊर्जा-कार्यक्षमतेचा दाखला) ई श्रेणीपेक्षा खालचा असेल तर, नोंदवलेली सूट नसल्यास, एप्रिल 2023 पासून व्यावसायिक जागा भाड्याने देता येत नाही. लिस्टेडलाही सरसकट माफी आहे, असं एजंट सांगेल. ते खरं नाही.

जमिनीच्या बाबतीत दोन्ही सारख्याच. खाली कोळशाच्या जुन्या खाणी असू शकतात, मातीच्या खाणी फुटक्या भांड्यांनी बुजवलेल्या असू शकतात, आणि ग्लेझमधलं (भांड्यांवरच्या चकचकीत लेपातलं) शिसं मातीत उतरलेलं असू शकतं. खाणकामाचा अहवाल आणि अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी दोन्हीकडे हवीच.

स्टॅम्प ड्युटीही तीच: दीड लाख पौंडांपर्यंत शून्य, पुढे अडीच लाखांपर्यंत 2 टक्के, वरच्या रकमेवर 5. विक्रेता व्हॅट लावणार असेल तर ड्युटी व्हॅटसकट किमतीवर बसते, हे मात्र बरेच जण विसरतात.

कर्ज काढून घेणार असाल आणि हप्ता भाड्यातूनच फेडायचा असेल, तर यादीबाहेरची घ्या. स्वतःचा स्टुडिओ किंवा कारखाना थाटायचा असेल आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे काढलेले असतील, तरच पॉटबँक. तीही कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरशी बोलल्यावर, करारावर सही करण्याआधी.