डॉज वेपन कॅरियर: गोठ्यात उभी केली, चौदा महिने चालवली

मीटर मैलांत आहे, म्हणून आधी मैलच सांगतो: १,२०६. किलोमीटरमध्ये साधारण १,९४०. पेट्रोल ४८७ लिटर, म्हणजे लिटरला चारच्या किंचित खाली. वहीत प्रत्येक खेपेची नोंद आहे, त्यामुळं हे आकडे हवेतले नाहीत. गाडी डॉज डब्ल्यूसी-५१, पाऊण टनी, फोर बाय फोर. अमेरिकन सैन्यासाठी १९४२ ते ४५ मध्ये बनली ती जात. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं जुनी माणसं हिला नुसतं ‘डॉज’ म्हणतात, फौजेतून आलेली ‘वेपन कॅरियर’ म्हणतात, आणि आमची आई ‘ते धूड’ म्हणते. म्हशी विकल्यावर गोठा रिकामा होता. तिथं ही गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करायचं काम तीन वर्षं चाललं.

गाडी उभी केल्यावरचे फोटो सगळेच दाखवतात. त्यानंतर ती वापरताना काय होतं ते कुणी फारसं सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

घेतली तेव्हा ती एका स्क्रॅपवाल्याच्या आवारात बाभळीखाली होती. मागं कधीकाळी बोअरचा कॉम्प्रेसर बसवलेला, त्याचे अँगल तसेच वेल्ड केलेले. इंजिन मूळचंच, पण जाम. मी व्यवहार केला तो दोन गोष्टींमुळं. चॅसी कुठं कापलेली नव्हती, आणि जुनं आरसी बुक होतं. कागद नसेल तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, मग ती शेतातला शोपीस होते.

कागदाचं एकदाच सांगून टाकतो. २०२१ पासून केंद्राचा विंटेज गाड्यांचा नियम आहे. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी असेल तर नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण रोजच्या रस्त्यावर ती चालवायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. आता लिटरला चार किलोमीटर देणाऱ्या गाडीला पेट्रोल भरायला किती वेळा जावं लागत असेल, हा हिशेब नियम करणाऱ्यांनी केला नसावा. माझी तक्रार नाही. बाकी बरंचसं चालवणं स्वतःच्या रानात आणि पाणंदीला.

रंगाचं मात्र मनाला लागलं. घासताना वरून पिवळा, मग निळा, मग शेंदरी प्रायमर, आणि खाली पत्र्याला चिकटून बसलेला तो मळकट हिरवा निघाला. तो बघून मी दोन दिवस हवेत होतो. आणि मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याची सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन लावता येत नाही. ज्या रंगासाठी जीव टाकला तोच नाही! शेवटी मातकट खाकी मारली. लांबून चिखलात लोळलेल्या म्हशीसारखी दिसते, गोठ्याला शोभते. डॅशच्या खणाच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तळहाताएवढा जुना हिरवा तसाच ठेवलाय.

आता इंजिन. सहा सिलिंडर, २३० घन इंच, म्हणजे ३.८ लिटरच्या आसपास, ९२ अश्वशक्ती. साइड व्हॉल्व्ह. हेड काढलं की वर नुसता लोखंडी पाट, व्हॉल्व्ह सगळे खाली ब्लॉकमध्ये पिस्टनशेजारी बसलेले. या घराण्याची इंजिनं आपल्याकडं अनोळखी नाहीत. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडायला घेतल्या होत्या, त्यामुळं मुंबईच्या जुन्या बाजारात अजून एखादा गॅस्केट सेट, एखादं पिस्टन निघतं. बोअर, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट, सगळं आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात झालं. ऑइल इंजिनांवर पोसलेली ती गल्ली आहे. तिथल्या मिस्त्रीला साइड व्हॉल्व्हचं काही कौतुक वाटलं नाही. ब्लॉकवर नख फिरवून म्हणाला, “माल चांगलाय. आता असं ओततंय कोण?”

तरी इंजिन तापायचं. पहिल्या पाच खेपांत काटा चढतोच आहे. रेडिएटर दोनदा उघडून रॉड मारला, थर्मास्टॅट बदलला, पंखा तपासला. गंमत म्हणजे पुढची तीन सिलिंडरं हात लावण्याइतकी बरी, मागची तीन भाजणारी. कारण सापडलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. या इंजिनांत वॉटर पंपाच्या मागं, ब्लॉकच्या पोटात, पुढून मागंपर्यंत एक चपटी पत्र्याची नळी असते. तिला ठरावीक जागी भोकं. पंपाचं पाणी त्या भोकांतून नेमकं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांवर पडतं, मागच्या सिलिंडरापर्यंत. ती नळी गंजून गेली की पाणी पुढच्या पुढंच वर चढतं आणि रेडिएटरला परत जातं. मागच्यांना कोरडा दुष्काळ. बाहेरून काहीच दिसत नाही. ब्लॉक उद्यमनगरात असताना कुणी ती नळी काढलीच नाही, कारण ती आहे हे मला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

रेडिएटर आणि पंप उतरवला. सळईला आकडा करून नळी ओढायला लागलो तर बोटभर तुकडा हातात आला. मग अजून एक. दोन दिवस मी गोठ्यात गुडघ्यांवर बसून इंजिनाच्या पोटातून पापडाचा चुरा काढावा तसे गंजाचे तुकडे काढत होतो. ते सगळे वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, तेव्हा भोकांची मापं कळली. ते वर्तमानपत्र तसंच उचलून एका तांबटाकडं नेलं. त्यानं पितळी पत्रा वाकवून, शिवण डाखून, हुबेहूब नळी केली, वर विचारलं, “ह्यातनं पाणी कुणाला पाजायचंय?” मजुरी घेतली बाराशे. तेव्हापासून एप्रिलच्या दुपारी नांगरटीच्या रानातही काटा मध्याच्या वर गेलेला नाही. अकरा लाखांच्या वर खर्च झाला या गाडीवर, त्यातले सगळ्यांत सत्कारणी लागलेले हे बाराशे.

आणि इथंच माझा खरा अनुभव सुरू होतो. ऐंशी वर्षं जुन्या वस्तूंनी मला त्रास दिला तो हा एवढाच. बाकी प्रत्येक वेळी गाडी बंद पडली ती मी खोक्यातून काढून बसवलेल्या कोऱ्या मालामुळं.

कंडेन्सर घ्या. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधली अंगठ्याएवढी डबी. नवा घातला, तिसऱ्या आठवड्यात गाडी गरम झाली की खोकून बंद, थंड झाली की पहिल्या सेल्फला चालू. मी कार्बोरेटर तीनदा उघडला. शेवटी स्क्रॅपवाल्यानं गाडीबरोबर दिलेल्या पत्र्याच्या डब्यातला, तेलकट फडक्यात गुंडाळलेला जुना कंडेन्सर घातला. आजही तोच चालू आहे. नवा मी खिळ्याला टांगलाय, आठवण म्हणून.

ब्रेकचं तर विनोदानं सांगायची सोय नाही. हायड्रॉलिक ड्रम, एकच सर्किट, बूस्टर नाही. एका चाकाचं ऑइल गळलं की चारी चाकांचा ब्रेक गेला. नव्या व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या सात महिन्यांत फुगल्या. नदीकडं उतरणाऱ्या पाणंदीला पेडल थेट तळाला टेकलं. हँडब्रेक या गाडीत चाकांवर नसतो, मागच्या शाफ्टवर असतो. तो चालत्या गाडीत ओढायचा नाही हे वाचलेलं होतं, पण त्या क्षणी वाचलेलं कोण आठवतो? ओढला, दुसरा गिअर होताच, उसाच्या सरीत पुढची चाकं रुतली आणि थांबलो. गाडीला ओरखडा नाही. माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. आता सगळे पितळी पाइप नवे, वाट्या ओळखीच्या दुकानातून, आणि दर तीन महिन्यांनी ड्रम खोलतो. नव्यानं करणाऱ्याला माझं सांगणं: रंगाच्या आधी ब्रेक. मी उलटं केलं.

मग एसी पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरला ओढून देणारा पंप. हा तर आमच्या घरचाच गुन्हा आहे. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या जातीच्या रबराला सोसत नाही. ते फुगतं, मऊ पडतं. पंपाचा पडदा दोनदा गेला, तोही नवाच. शिवाय इथेनॉल पाणी धरतं, आणि टाकीच्या कोपऱ्यात बसलेला गंज सोडवून फिल्टरला आणतं. पहिल्या महिन्यात मी काचेच्या वाटीतून विटकरी चहा ओतत होतो. उन्हाळ्यात वेगळंच. पंप इंजिनाला चिकटून, त्याच्या उष्णतेनं पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर कोरडा. ओलं फडकं पंपावर टाकून दहा मिनिटं झाडाखाली बसायचं. आता पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा बसवलाय, पाइप एक्झॉस्टपासून लांबून फिरवलाय, मध्ये पत्र्याचा आडोसा केलाय. त्रास निम्म्यावर आला, संपलेला नाही. आणि आमचा ऊस कारखान्याला जातो, त्याच्या मळीचं पुढं इथेनॉल होतं हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. दोन्हीकडनं मीच.

वायरिंगमध्येही मीच शहाणा ठरलो. गाडी सहा व्होल्टची. बारा व्होल्टच्या निम्मा दाब, म्हणजे तेवढ्याच कामाला दुप्पट करंट, म्हणजे जाड केबल लागते. मी साध्या मोटारीची केबल घातली. सेल्फ आजारी म्हाताऱ्यासारखा कण्हायचा आणि केबल हाताला चटके द्यायची. शिवाय अर्थिंगच्या जागांवर मी हौसेनं रंग मारलेला! अंगठ्याएवढी केबल घातली, अर्थिंगच्या जागा पॉलिश पेपरनं चकचकीत केल्या. आता अर्ध्या फेऱ्यात उचलते. बारा व्होल्ट करून टाक असं सगळ्यांनी सांगितलं, तशी गरज मला तरी पडली नाही.

चालवायला कशी? गिअरबॉक्स चार स्पीड, सिंक्रोमेश नाही, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय नाही. पहिला गिअर फक्त ओझं ओढायचा, रोज दुसऱ्यातच उचलायची. बदलताना डबल क्लच. पहिले पंधरा दिवस मी गल्लीला दळपाची गिरणी ऐकवली. शेजारचे आबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. एक दिवस ते काठी टेकत आले आणि डावीकडच्या सीटवर मी बसलेला बघून म्हणाले, “सरक तिकडं.” क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून रेसला एक टिचकी, परत क्लच, गिअर. आवाजच नाही. “हातानं काय ओढतोस लेका? इंजिनाला कान दे, ते सांगतंय की कधी टाक म्हणून.” त्यांनी स्टिअरिंग डावीकडं आहे याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला मात्र अजून उसाच्या ट्रॉलीच्या मागं असलं की पुढचं दिसत नाही, शेजारी बसलेल्यानं मान बाहेर काढून सांगावं लागतं.

डॅशवरच्या पट्टीवर टॉप स्पीड ५४ मैल लिहिलंय. मी ५५ किलोमीटरच्या वर नेत नाही. एक्सल ५.८३ चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.८३ फेरे, त्यापुढं गाडी नुसती ओरडते. ट्रान्स्फर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीला, लो रेंज (जास्त ओढीचा हळू टप्पा) नाही. आजच्या फोर बाय फोरवाल्यांना हे पटत नाही, पण पहिला गिअरच इतका लहान आहे की ओल्या काळ्या रानातून ट्रॅक्टर रुतला तिथून ही बाहेर आली. पाटे कडक, रिकामी असली की मणके मोजून घ्या. मागं दहा-बारा पोती टाकली की एकदम शहाणी होते.

टायर ९.००-१६. लष्करी नक्षीचे शोधत होतो, मग कळलं की हेच माप उसाच्या ट्रॉलीला लागतं. तेच घातले. शुद्धतेवाले नाक मुरडतात, मुरडू देत. पण रिम्सबद्दल गंभीरपणे सांगतो. या दोन तुकड्यांच्या, नटांनी जोडलेल्या असतात. चाक काढायचे नट वेगळे आणि रिम जोडणारे वेगळे. टायरमध्ये हवा असताना दुसऱ्या नटांना पाना लावलात तर रिमचा अर्धा भाग गोळ्यासारखा सुटतो. पंक्चरवाल्या पोराला हे माहीत असायचं कारण नाही. मी जोडणीच्या सगळ्या नटांवर लाल रंग मारलाय आणि पंक्चर काढताना स्वतः शेजारी उभा राहतो.

आणि डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे. माझा भाचा पान्याला पाइप लावून त्यावर उभा राहून नाचला. बोल्ट कडाडून तुटला तेव्हा त्याला वाटलं, झालं काम. तो तुटलेला तुकडाही कंडेन्सरशेजारी टांगलाय.

“डिझेल इंजिन टाक, परवडेल” असं दर आठवड्याला कुणीतरी सांगतं. परवडेल, खरंय. पण मग विंटेजचा कागद धोक्यात, आणि तांबटाची नळी कुठं घालू?

सध्या ताडपत्रीचं हूड शिवायला दिलंय, पावसाच्या आत मिळालं तर बरं. मागच्या डाव्या ड्रममधून उतारावर बारीक किणकिण येते. येत्या रविवारी खोलणार आहे. आबांचं म्हणणं, आतला स्प्रिंग. नवाच आहे तो.