निलगिरी, टी ट्री आणि डिफ्युझर: पावसाळाभर वापरून

पावसाळ्याच्या तोंडावर डिफ्युझर घेतला, सोबत निलगिरी, लव्हेंडर आणि टी ट्री ही सुगंधी तेलं. पाण्यात तेलाचे थेंब टाकले की हे मशीन सुगंधी वाफ सोडतं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराला जुलैत ओल धरते, तिचा कुबट वास यानं झाकला जातो. ओल काही जात नाही. मध्येच वाफ यायची बंद झाली, सर्व्हिसवाले नवा पार्ट टाका म्हणाले. बोअरच्या पाण्याचा क्षार होता, पातळ व्हिनेगरच्या कापसानं वाफ करणारी चकती पुसली आणि चालू झालं. मशीनवर खूश आहे.

संताप आहे तो बाटलीच्या तोंडाचा. पहिल्या बाटल्यांना आत प्लॅस्टिकचं बूच होतं, त्यातून थेंब थेंबच पडायचा. निलगिरी संपल्यावर मोठी बाटली आणली, भाव जवळजवळ निम्मा पडत होता. उघडली तर तोंड सताड मोकळं, झाकण तर पोरानं सहज फिरवावं असलं! घरात बहिणीचा तीन वर्षांचा मुलगा आहे. निलगिरीचं तेल चमचाभर जरी अशा लेकराच्या पोटात गेलं तरी गुंगी येते, झटके येऊ शकतात. उलटी काढायला जावं तर तेल फुफ्फुसात उतरतं. म्हणून उलटी न काढता, बाटली हातात घेऊन थेट सीपीआर, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय, गाठायचं किंवा 108 ला फोन करायचा.

बाटली परत न्यायला गेले तर दुकानदार म्हणतो, "ओ ताई, तेल त्येच हाय की, बाटलीचं काय घेऊन बसलाय?" पैसे नाहीत, बदलूनही नाही. आता ती कुलपाच्या कपाटात आहे.

टी ट्रीला आधी पाच तारे देणार होते, आता तीन. हवा लागून जुनं झालं की ते त्वचेला जास्त झोंबतं, आणि मांजराच्या यकृताला ही तेलं निचरता येत नाहीत. शेजारची मनी घरात असली की मशीन बंद. अंगाला लावायचं तर 30 मिली खोबरेलात 12 थेंब, त्याहून जास्त नाही; लहान मुलांना तेवढंही नाही.

पुढची निलगिरी 10 मिलीचीच घेणार, दुप्पट भाव पडला तरी. आधी दुकानातच झाकण उघडून बूच बघणार.