तारीख ठरवायची कटकट आणि व्हेन टू मीट

आमचा खेळ रोलप्लेइंगचा, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र वठवत गोष्ट पुढे न्यायची. पाच खेळाडू आणि गोष्ट चालवणारा गेम मास्टर मी. चार तासांचा खेळ, पण तारीख ठरवायला आठवडा जायचा. 'मला कधीही चालेल' म्हणणारा माणूसच ऐनवेळी दांडी मारतो, हा माझा अनुभव. शेवटी व्हेन टू मीट ही साइट वापरून पाहिली. खातं उघडावं लागत नाही. नाव टाकायचं आणि आपल्या मोकळ्या वेळेच्या चौकटी रंगवायच्या. जितके जास्त जण मोकळे, तितका हिरवा गडद. दिसायला जुनाट, पण काम चोख.

खरा फायदा झाला तो तारखांऐवजी आठवड्याचे वार निवडायच्या सोयीचा. एकदाच विचारलं, सर्वांत गडद निघाली गुरुवारची रात्र, आणि एकाआड एक गुरुवार कायमचा ठरला. दर वेळचं मतदान संपलं. (आदल्या दिवशी आठवण मात्र मीच करतो. सवय.)

चौघे जमले की खेळ सुरू, हा नियम कुठलीच साइट घालून देत नाही, तो आपणच घालायचा. न आलेल्याचं पात्र तेवढ्यापुरतं तळावर घोडे राखतं. आमची चेटकीण सलग तीन सत्रं घोडेच राखतेय.